येथील सर्व क्षेम

दलित साहित्याची समीक्षा आता वयाने प्रौढ झाली आहे. ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यानंतर कविता, कथा, आत्मकथन, नाटक, जलसा, शाहिरी या सर्वांची मोजदाद आपण केली. विद्रोह, नकार, वेदना या शब्दांवर परिसंवाद झाले आणि त्या परिसंवादांवर प्रबंध झाले. एक लेखनप्रकार मात्र या मोजदादीतून सुटला. तो म्हणजे पत्र. ज्या समाजातला कर्ता पुरुष शंभर-सव्वाशे वर्षे पलटणीत, गोदीत, गिरणीत, रेल्वेत आणि आता कारखान्यांच्या गाळ्यांत पोट घेऊन गेला, त्या समाजाने घरी काहीतरी लिहून पाठवलेच असणार. ते लेखन गेले कुठे? हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही, वर्गात सुचला.

मी वसई-विरार पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘पत्रलेखन’ हा घटक अभ्यासक्रमात असतो आणि तो कमालीचा निर्जीव असतो. अर्ज, निमंत्रण, मागणीपत्र. एका वर्षी कंटाळून मी मुलांना सांगितले, की घरात एखादे जुने पत्र असेल तर घेऊन या. वर्ग साठ जणांचा. सात जणांनी काहीतरी आणले. दोघांनी आंतर्देशीय पत्रे आणली. तिघांनी मनीऑर्डरची कुपने आणली. नंदाखालच्या एका मुलाने आजोबांनी आखातातून धाडलेले निळ्या कडांचे विमानपत्र आणले आणि ते वर्गात वाचायला नकार दिला. त्याचा नकार मला योग्य वाटला. सातव्या मुलीने काहीच आणले नव्हते. तिने आपला फोन पुढे केला. बाप जहाजावर. त्याच्या आवाजातले निरोप त्या फोनमध्ये होते, आणि फोन बंद पडला होता.

जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांपैकी कोणाकडेच काही नव्हते. त्यांच्याकडे नवरा एकटा परगावी जात नाही. वीटभट्टीवर अख्खे कुटुंब जाते, मग पत्र कोणी कोणाला लिहायचे? हा मुद्दा एवढ्यासाठीच नोंदवतो, की पत्र असणे हीसुद्धा एक पायरी आहे आणि तिच्याखाली माणसे आहेत.

कुपनांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली आले आणि टपालखात्याची मनीऑर्डर १८८० साली. या दोन गोष्टींनी आपल्या माणसांना लिहायला जागा दिली. पण ती किती आणि कशी, हे पाहा. कार्ड उघडे. पोस्टमास्तर वाचणार, पोस्टमन वाचणार, ज्याच्याकडे वाचायला न्यायचे तो तर वाचणारच. शिवाय पत्त्यातच जात. आधी ‘महारवाडा’, नंतर ‘बौद्धवाडी’. कार्ड घरी पोचण्याआधी तुमची वस्ती चारचौघांत पुकारली जायची. मनीऑर्डरच्या अर्जाखाली मजकुरासाठी जेमतेम दोन-तीन ओळींची जागा असायची. तेवढा तुकडा पैशाबरोबर घेणाऱ्याच्या हाती यायचा. आणि अर्जाचा आणखी एक भाग, पोच म्हणतात तो, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन उलट पाठवणाऱ्याकडे जायचा. म्हणजे व्यवहार दुहेरी होता. नवऱ्याच्या दोन ओळी गावी यायच्या आणि बायकोचा अंगठा शहरात जायचा.

या दोन ओळींत काय लिहिले जाई? मुलांनी आणलेली आणि नंतर मी वस्तीत फिरून पाहिलेली कुपने जवळजवळ सारखी आहेत. पैसे पाठवले आहेत, पोच कळवावी, मुलांना शाळेत पाठवणे, पाऊस कसा आहे, मे महिन्यात येतो. वरच्या कोपऱ्यात, जिथे इतर लोक ‘श्री’ घालतात, तिथे ‘जयभीम’. हा एकच शब्द त्या पठडीबाहेरचा आहे. बाकी सगळा मायना उसना. आपल्या लोकांनी ब्राह्मणी लग्नविधी टाकला, देव टाकले, नावे बदलली, पण ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ टाकले नाहीत. कारण पत्र लिहिणारा बहुधा दुसराच असायचा. खोलीतला शिकलेला पोरगा, हॉटेलातला गल्ल्यावरचा माणूस किंवा पोस्टाच्या दारात बसलेला लेखनिक. त्याला एकच साचा येत असे, आणि साचा फुकट मिळतो.

या साच्यात बायको कुठे आहे? ती नाही. कार्ड मुलाच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे. ‘तुझ्या आईस सांगणे’ एवढीच तिची जागा. नवरा बायकोचे नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचे, हा रिवाज एकीकडे. पत्र परक्याने लिहायचे आणि परक्याने वाचायचे, ही लाज दुसरीकडे. या दोहोंच्या कात्रीत नवरा-बायकोचे बोलणे सापडले आणि कापले गेले. बातमी मात्र बरोबर पोचायची. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. निरक्षर बाईलाही तेवढे वाचता येई, आणि ते वाचायला ती कोणाकडे जात नसे.

आता माझ्याविषयी. आमचे गाव मंडणगड तालुक्यात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले, म्हणून आम्ही ताठ मानेने ते सांगतो. वडील चौथीपर्यंत शिकलेले. ते नालासोपाऱ्यात चाळीतल्या एका खोलीत गावच्या आठजणांबरोबर राहत आणि वसईच्या पूर्वेला एका गाळ्यात पत्रा कापण्याच्या यंत्रावर काम करीत. आई निरक्षर. आमच्याकडचे शाखा डाकघर म्हणजे गावातल्या एका वरच्या आळीतल्या घराची पडवी. मनीऑर्डर आली की बायका अंगणात उभ्या राहत आणि अंगठ्यासाठी शाईची पेटी पडवीच्या कडेवर सरकवली जाई. मी तिसरीत गेल्यापासून घरातली पत्रे मी वाचू आणि लिहू लागलो. नंतर वाडीतली सगळीच. दहा-बारा घरांची गुपिते माझ्या तोंडून त्या त्या घरात जात होती, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

मी सहावीत असताना श्रावणात आई आजारी पडली. डोळे पिवळे, अन्न ठरत नव्हते. मनीऑर्डर येऊन गेली होती. तिने मला कार्ड घेऊन बसवले आणि म्हणाली, “लिव, माजा आंग बरा नाय. पैशे नको म्हनावा, एक डाव येवन जावा.” मी लिहिले: ‘पैसे मिळाले. येथील सर्व क्षेम आहे. काळजी नसावी.’

मी खोटे बोलत होतो असे मला वाटले नाही. शाळेत पत्र असेच लिहायला शिकवले होते आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. ‘आंग बरा नाय’ हे कार्डावर लिहिण्यासारखे मराठी आहे, असे मला कोणी सांगितले नव्हते. वडील एकदम वैशाखात, बुद्धपौर्णिमेला आले. आई निम्मी झाली होती. “कळवलं का नाही?” असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, “कलवला व्हता.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

हा प्रसंग सांगण्यात मला सुख नाही. पण प्रमाणभाषेच्या जुलमाविषयी आपण बोलतो तेव्हा जुलूम करणारा नेहमी बाहेरचा असतो. प्राध्यापक, संपादक, पाठ्यपुस्तक. आमच्या घरात तो मी होतो. घराण्यातला पहिला शिकलेला मुलगा हा आईच्या बोलण्याचा पहिला कापाकापी करणारा असतो, ही गोष्ट दलित आत्मकथनांत मला कुठे पुरेशा स्पष्टपणे आढळली नाही. आपण आईविषयी भरभरून लिहिले. आईचे बोलणे आपण आधी कुठे कुठे गाळले, याचा हिशेब दिला नाही.

आता छापील पत्रव्यवहाराकडे वळतो. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आपल्याला ठाऊक आहेत. १८५६ आणि १८६८ सालची नायगावहून, १८७७ सालचे ओतूरहून. शेवटच्यात दुष्काळ आहे. मधल्यात गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा ही महार मुलगी यांना गाव मारायला निघाले असता बाईंनी त्यांना कसे वाचवले, ते आहे. ही पत्रे वाचताना पहिली जाणवणारी गोष्ट म्हणजे यांत कुठेही ‘क्षेम’ म्हणून वेळ मारून नेलेली नाही. आजारपण आहे, भावाशी झालेला वाद आहे, भीती आहे. लिहिणारी स्वतः लिहिते आहे आणि वाचणारा स्वतः वाचणार आहे, मधे तिसरा नाही. एवढ्या एका कारणाने भाषा मोकळी होते. पण जोतीरावांची उत्तरे आपल्यापाशी नाहीत. संवादाचा अर्धा भाग उरला आहे.

बाबासाहेबांच्या बाबतीत उलट बाजू. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९२० ते १९२३ पुन्हा लंडन. या काळात रमाबाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. पाच मुले झाली, त्यातला यशवंत तेवढा उरला. शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे १९६१ मध्येच ग्रंथरूप केली आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेतही पत्रव्यवहाराचा खंड निघाला. त्यांत सहकारी आहेत, कार्यकर्ते आहेत, अधिकारी आहेत. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले पितृदुःख ज्या पत्रात उघडे केले, ते पत्र कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना आहे. एका पुरुषाने मित्राला लिहिलेले. घरात शेजारी बसून रडणाऱ्या बाईला पत्र लिहायचे कारण नव्हते, हे खरेच. तरी पुढे संग्रहात काय येते आणि काय येत नाही, हे अशा रीतीनेच ठरत जाते. रमाबाईंना उद्देशून सर्वांत ठळकपणे छापलेला बाबासाहेबांचा मजकूर कोणता, असे विचारले तर मी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ची अर्पणपत्रिका सांगेन. ती १९४० ची. रमाबाई १९३५ च्या २७ मे रोजी गेल्या होत्या. आणि मजकूर इंग्रजीत आहे, जी भाषा त्यांना येत नव्हती. उशिरा आलेले आणि वाचता न येणारे पत्र आपल्या हजारो घरांत आले आहे. पण हे त्यांतले सर्वांत मोठे आहे.

दरवर्षी रमाईंच्या जयंतीला आणि स्मृतिदिनाला फोनवरून एक लांबलचक पत्र फिरते. बाबासाहेबांनी लंडनहून रामूला लिहिलेले म्हणून. भाषा आजच्या भाषणासारखी, उपमा आजच्या कवितेसारख्या. खाली ना मूळ कागदाचा ठावठिकाणा, ना छापील ग्रंथाचे पान. माझे विद्यार्थी ते डोळ्यांत पाणी आणून मला पाठवतात. मी त्यांना रागावत नाही, पण ते पुढे पाठवतही नाही. लेखकाने अशी पत्रे कल्पनेने लिहावीत, तो त्याचा अधिकार आहे. फक्त ती कल्पना आहे, हे कागदावर राहिले पाहिजे. मला अस्वस्थ करते ती त्या पत्रामागची भूक. नवऱ्याने बायकोशी असे बोलले असते तर, या भुकेला समाज स्वतःच पत्र लिहून देतो. आणि त्यातही बोलतो तो नवराच. रमाईचे उत्तर कोणी रचून पाठवलेले निदान माझ्या फोनवर आजवर आलेले नाही.

हेच अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’विषयी म्हणावे लागते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड. मुंबईत पोट भरायला आलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको. पत्रे आणि वचने यांची उधळण त्यात आहे, दागिन्यांचे वायदे आहेत. पुढे मैनेची ताटातूट ही बेळगाव, कारवारची ताटातूट होते. समीक्षकांनी या रूपकाची वाहवा केली, आणि ती रास्तच आहे. वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या माणसाखेरीज ते कोणाला सुचले नसते. तरी मी एक शंका मांडतो. मैना नकाशा झाली तेव्हा तिची मनीऑर्डर कोणी आणली? ती बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते. अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्यांतल्या बायका किती बोलतात, हे आठवले की हे मौन अधिकच जाणवते. छक्कड फडावर उभ्या असलेल्या पुरुषाची आहे, म्हणून असे झाले असावे. मी दोष देत नाही. मोकळी जागा दाखवतो.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (संग्रह १९६३) या दृष्टीने पुन्हा वाचावी असे सुचवतो. उधन्याला रेल्वेत लागलेला तरुण जात लपवून भाड्याच्या खोलीत राहतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. उधना म्हणजे आमच्या विरारवरूनच पुढे जाणाऱ्या लोहमार्गावरचे स्थानक. जात चोरून राहिलेल्या माणसाला घरून कार्ड कसे येणार? त्यावरच्या पत्त्याने, मायन्याने, एखाद्या ‘जयभीम’ने तो त्याच दिवशी उघडा पडेल. जात लपवायची तर घरचा पत्रव्यवहार तोडावा लागतो. आपण या कथेतल्या हिंसेवर बोललो. त्या खोलीत न येऊ शकणाऱ्या पत्रावर बोललो नाही.

आणि रक्कम. कुपनावरचा मजकूर आपण वाचतो, आकडा वाचत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात मजुरी जास्त होती. तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि ती उष्टी नळी सवर्ण मजुराला चालत नसे. १९२८-२९ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. याचा घरगुती अर्थ असा, की एकाच खेड्यातल्या दोन वाड्यांत एकाच गिरणीतून येणाऱ्या दोन मनीऑर्डरींचे आकडे वेगळे असत आणि त्या फरकाचे कारण धाग्यावरची थुंकी हे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कोकणातल्या वाड्यांत पोस्टमन रिकाम्या हाताने फिरू लागला. त्या संपावर साहित्य आहे. संपातल्या पुरुषांवर.

पलटणीचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरे होत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासणीतून जात. तपासनीस त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवीत, म्हणून ती पत्रे आज निदान इंग्रजीत वाचता येतात. मूळ कागद खेड्यांत गेले आणि संपले. १११ वी महार पलटण १९१७ साली उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडली. पाळत ठेवणाऱ्या सरकारने जे जपले ते आपल्या घरांनी जपले नाही, ही थट्टा नव्हे. घराला कौले नव्हती, कागद कुठे ठेवायचा? मी राहतो त्या सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या आणि नवव्या आज्ञालेखांचे तुकडे मिळाले. राजाने दगडावर लिहिले, ते बावीसशे वर्षे टिकले.

तरीही काही बायकांनी जपले. माझ्या आईने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कुपने ठेवली होती. वाचता येत नसताना तिला प्रत्येक कुपन ओळखू येते. हे कौलांचे, हे तुझ्या गणवेशाचे, हे आजीच्या पुण्यानुमोदनाचे. ती आकड्यावरून ओळखते की कागदाच्या डागांवरून, ते मला कळलेले नाही. वडील गेल्यावर नालासोपाऱ्याची खोली रिकामी करताना त्यांच्या ट्रंकेत रबराने बांधलेला पोचांचा गठ्ठा निघाला. प्रत्येकीवर आईचा अंगठा. त्यांनी त्या का ठेवल्या असाव्यात? पैसे पोचल्याचा पुरावा म्हणून, हे साधे उत्तर आहे आणि ते खोटे नसावे. अंगठा म्हणजे कविता असे म्हणणारा मी नव्हे. असल्या वाक्यांनी आपली समीक्षा पुष्कळ सैल झाली आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे लेखन आहे. त्याला लिहिणारा आहे, वाचणारा आहे, साचा आहे आणि साच्यात न मावलेले काहीतरी आहे. आणि ते तपासल्याशिवाय आपल्या गद्याचा इतिहास पुरा होत नाही.

गेल्या मे महिन्यात मी गावी डबा आणि गठ्ठा समोरासमोर ठेवून तारखा जुळवल्या. कुपने बासष्ट, पोचा अठ्ठावन्न. श्रावणातली ती पोचही सापडली. अंगात ताप असताना आई तेव्हा चालत पडवीपर्यंत गेली असणार, कारण पैसे दुसऱ्याच्या हाती देत नसत. मी ती पोच खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ पाहिली. अंगठा इतर महिन्यांसारखाच आहे.